‘मांडा’ : एका जुन्या शब्दाचे अर्थ आणि खापरावरचे पक्वान्न

प्रस्तावना

‘मांडवात मांडी घालून बसलेल्या पाहुण्यांपुढे मांडे मांडा’ हे वाक्य कोणाही मराठी भाषकाला सहज समजेल असे वाटते. प्रत्यक्षात आजच्या विद्यार्थ्याला त्यातील तीन शब्द बिनचूक कळतात आणि एका शब्दापाशी तो थबकतो. मांडव त्याने लग्नात पाहिलेला असतो. मांडी घालून तो जेवायला बसतो. ‘आपले मत मांडा’ ही सूचना त्याने प्रश्नपत्रिकेत अनेकदा वाचलेली असते. ‘मांडे’ मात्र त्याला ‘मनात मांडे खाणे’ या वाक्प्रचारापुरतेच ठाऊक असतात. वाक्प्रचाराचा अर्थ त्याला सांगता येतो. मांडे म्हणजे काय, हे सांगता येत नाही.

एखादा पदार्थ पानातून दूर जावा आणि त्याचे नाव म्हणीत शिल्लक राहावे, ही भाषेच्या इतिहासातील नेहमीची घटना आहे. तथापि ‘मांडा’ या शब्दाच्या बाबतीत नाशिक जिल्ह्याची स्थिती काहीशी वेगळी आहे. जिल्ह्याच्या उत्तरेकडील कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा या तालुक्यांत, म्हणजे ज्याला ‘कसमादे’ असे संक्षेपाने म्हटले जाते त्या अहिराणी बोलीच्या पट्ट्यात, खापरावरचे मांडे अजूनही केले जातात. निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘मांडव’ हा शब्द द्राक्षबागेच्या संदर्भात रोज येतो. पश्चिमेकडे त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे, त्या संत निवृत्तिनाथांच्या भावंडांच्या कथेत मांड्यांना मध्यवर्ती स्थान आहे. एकाच जिल्ह्यात हा शब्द आणि त्याचे सगेसोयरे शेतात, स्वयंपाकघरात व संतकथेत असे तीन ठिकाणी नांदताना दिसतात.

प्रस्तुत लेखात ‘मांडा’ व त्याच्याशी उच्चाराने जवळ असलेल्या शब्दांचे अर्थ वेगवेगळे करून पाहिले आहेत. तसेच ‘मांडा म्हणजे एक गोड पक्वान्न’ एवढ्या व्याख्येने या शब्दाचा अर्थ पुरा होतो काय, या प्रश्नाचा विचार केला आहे.

शब्दाचे रूप आणि व्युत्पत्ती

प्रथम व्याकरणाची एक बाब लक्षात घ्यावयास हवी. ‘मांडा’ हा पुल्लिंगी शब्द असून ‘मांडे’ हे त्याचे अनेकवचन आहे. एकवचनी रूप बोलण्यात क्वचितच येते. त्यामुळे ‘भांडे’ या शब्दाप्रमाणे ‘मांडे’ हेही नपुंसकलिंगी एकवचन असावे, असा समज होतो. वास्तविक ‘दांडा-दांडे’, ‘धोंडा-धोंडे’ या जोड्यांप्रमाणेच ‘मांडा-मांडे’ ही जोडी आहे. ‘मांडा’ हे ‘मांडणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूपही असल्याने वरील वाक्यात ‘मांडे मांडा’ अशी गंमत साधते.

या शब्दाचे मूळ संस्कृत ‘मण्डक’ या शब्दात आहे. भाजलेल्या पिठाचा एक पदार्थ असा त्याचा अर्थ संस्कृत कोशांत मिळतो. संस्कृतातील ऱ्हस्व स्वर व त्यापुढील अनुनासिकयुक्त जोडाक्षर यांच्या जागी मराठीत दीर्घ स्वर व अनुस्वार येतो, हा मराठीच्या घडणीतील परिचित ध्वनिनियम आहे. ‘दण्डक’चा जसा ‘दांडा’ झाला, तसाच ‘मण्डक’चा ‘मांडा’ झाला. हाच शब्द कन्नडात ‘मंडिगे’ या रूपाने आढळतो. मराठी व कन्नड या दोन्ही भाषांच्या प्रदेशांत हा पदार्थ जुना आहे, याची ती एक खूण होय.

संस्कृतात ‘मण्ड’ या ध्वनिरूपाभोवती अनेक शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ परस्परांहून भिन्न आहेत. शिजलेल्या भाताची वरची निवळ पेज म्हणजे मंड. आयुर्वेदात मंड, पेया, विलेपी अशा उत्तरोत्तर दाट होत जाणाऱ्या कल्पना सांगितल्या आहेत. त्यांपैकी मंड ही सर्वांत पातळ. ‘मण्डन’ म्हणजे सजावट, ‘मण्डल’ म्हणजे वर्तुळ किंवा प्रदेश आणि ‘मण्डप’ म्हणजे छाया देणारी उभारणी. मराठीने या शब्दांचे वेगवेगळ्या प्रकारे स्वागत केले. ‘मण्डप’चा ‘मांडव’ झाला; ‘दीपक’चा ‘दिवा’ होताना ‘प’चा ‘व’ झाला, तोच बदल येथे दिसतो. ‘मंडळ’ हा शब्द मात्र संस्कृताच्या बराच जवळ राहिला आणि ‘मांडलिक’ हा शब्द जसाच्या तसा घेतला गेला. आजच्या मराठीत हे सर्व शब्द एका घरातील भासत असले तरी त्यांचे अर्थ वेगवेगळ्या वाटांनी आलेले आहेत.

‘मांडणे’ : सजावटीपासून रचनेपर्यंत

या शब्दसमूहात सर्वांत अधिक अर्थविस्तार झाला तो ‘मांडणे’ या क्रियापदाचा. संस्कृतातील ‘मण्ड्’ या धातूचा अर्थ सजवणे असा आहे. राजस्थान व माळवा या भागांत घराच्या जमिनीवर व भिंतीवर काढल्या जाणाऱ्या पारंपरिक नक्षीला ‘मांडणा’ म्हणतात. तेथे सजावटीचा मूळ अर्थ टिकला आहे. मराठीत तो मागे पडून वस्तू नीट, क्रमाने व योग्य जागी ठेवणे हा अर्थ पुढे आला. सजवण्याच्या कृतीत क्रम व जागा यांचे भान अनुस्यूत असतेच. मराठीने त्या भानालाच शब्दाचा मुख्य अर्थ केले.

पूजा मांडणे, पाट मांडणे, पट मांडणे, दुकान मांडणे या प्रयोगांत हा अर्थ सरळ दिसतो. ‘संसार मांडणे’ व ‘वेगळी चूल मांडणे’ या प्रयोगांत वस्तूंच्या रचनेबरोबर नव्या व्यवस्थेचा आरंभही सूचित होतो. गणित मांडणे, विचार मांडणे, विधिमंडळात अर्थसंकल्प मांडणे या प्रयोगांत वस्तू नाहीशा झाल्या आणि केवळ क्रम उरला. ‘उच्छाद मांडणे’ किंवा ‘हे काय मांडले आहे?’ या बोलण्यात तर रचनेचाही लोप होऊन एखादी त्रासदायक गोष्ट सुरू करणे, एवढाच अर्थ शिल्लक राहतो.

‘मांडणी’ हे नामही असेच दुहेरी आहे. ग्रंथाची मांडणी, विषयाची मांडणी असे विद्वान बोलतात, तर जुन्या घरात मांडणी म्हणजे भांडी ओळीने लावण्याची फडताळासारखी चौकट. नाशिकच्या भांडीबाजारातून आणलेली तांब्यापितळेची भांडी एकेकाळी अशाच मांडण्यांवर चमकत असत. विचारांची मांडणी व भांड्यांची मांडणी या दोहोंत अपेक्षा एकच असते : प्रत्येक वस्तू तिच्या जागी असावी आणि हवी तेव्हा हाती लागावी.

‘मांडव’ आणि ‘मांड’

मांडव म्हटला की प्रथम लग्न आठवते. मांडवाच्या खांबांना बांधावयाच्या आंब्या-जांभळाच्या डहाळ्या वाजतगाजत आणण्याच्या विधीला ‘मांडवडहाळे’ म्हणतात आणि कार्य पार पडल्यावर ‘मांडव परतणे’ होते. नाशिक जिल्ह्यात याच शब्दाला शेतीचा एक भक्कम अर्थ लाभला आहे. द्राक्षवेलीला आधार देण्यासाठी लोखंडी अँगल उभे करून त्यांवर तारांचे जाळे ओढतात. त्या उभारणीला शेतकरी मांडवच म्हणतात. कारली, दोडका यांसारख्या वेलभाज्यांसाठीही मांडव घातला जातो. लग्नाचा मांडव दोन दिवसांचा असतो आणि द्राक्षाचा मांडव अनेक वर्षांचा; परंतु खांबांवर तोललेले छत हा अर्थाचा गाभा दोन्हीकडे कायम आहे.

‘मांड’ या शब्दाचे अर्थ निराळे आहेत. घोडेस्वाराने मांड्यांच्या पकडीने घोड्यावर बसण्याची रीत म्हणजे मांड. ‘मांड ठोकणे’, ‘मांड पक्की असणे’ हे प्रयोग घोडदळाच्या काळातून आले आणि घोडे गेल्यावरही एखाद्या क्षेत्रावरील हुकमत सांगण्यासाठी उरले. कोकणात शिमग्याच्या वेळी गावकरी ज्या परंपरागत जागी जमतात व खेळे जेथे सादर होतात, त्या जागेला मांड म्हणतात. गोव्यातही गावच्या अशा पवित्र मानलेल्या जागेसाठी हाच शब्द आहे. संगीतात मांड हा राजस्थानच्या लोकसंगीतातून आलेला गानप्रकार आहे. यांतील कोणत्याही ‘मांड’चा मांडे या पक्वान्नाशी अर्थाचा संबंध नाही. उच्चार सारखा आहे म्हणून नाते जोडावे, हा मोह शब्दांच्या अभ्यासात टाळावा लागतो. अशा रीतीने भोवतालचे शब्द बाजूला केल्यावर आता मूळ शब्दाकडे वळता येईल.

खापरावरचे मांडे : पदार्थ व कृती

खानदेशात व लगतच्या कसमादे भागात मांडे म्हणजे खापरावर भाजलेली, हातभर रुंदीची, अत्यंत पातळ पुरणाची पोळी. अहिराणीत ‘ळ’चा उच्चार ‘य’सारखा होत असल्याने तिला ‘खापरनी पुरनपोयी’ असेही म्हणतात. अक्षय्य तृतीया, म्हणजे तेथील ‘आखाजी’, हा या भागातील मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते आणि आमरसाबरोबर खापराची पोळी वाढली जाते.

मांड्यांची सिद्धता पिठापासून सुरू होते. गहू किंचित ओलवून, काही काळ कापडात बांधून ठेवून मग दळतात. ओलाव्यामुळे गव्हाची साल चिवट होते, दळताना तिचा भुगा न होता मोठे तुकडे पडतात आणि चाळताना कोंडा सहज निघून जातो. पीठ कापडातून वस्त्रगाळ करतात. ही काळजी केवळ शुभ्रतेसाठी नाही. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले की त्यातील प्रथिनांचे लवचीक जाळे तयार होते. कोंड्याचे बारीक तुकडे हे जाळे जागोजागी कापतात. मांडा ताणून पातळ करावयाचा असल्याने पिठात कोंडा राहून चालत नाही. याच कारणाने कणीक सैल भिजवून पुष्कळ वेळ तिंबतात व मुरू देतात. हरभऱ्याची डाळ व गूळ यांचे पुरणही गंधासारखे वाटावे लागते. त्यात एखादा कण राहिला तरी ताणताना पोळी तेथेच फाटते.

पुरण भरलेला उंडा पोळपाटावर थोडा थापून घेतात. पुढचे काम हाताचे आहे. करणारी स्त्री पोळी दोन्ही हातांच्या तळव्यांवर व मनगटांच्या पुढे कोपरापर्यंत फिरवीत, आपल्याच वजनाने ती वाढू देते. मोठी झालेली पोळी एका झेपेत खापरावर पसरते. खापर म्हणजे मोठ्या घेराचे मातीचे पात्र; ते चुलीवर उपडे ठेवलेले असते, म्हणजे त्याची फुगीर बाजू वर येते. खाली तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाळ असतो. फुगीर पृष्ठभागावर पोळी सुरकुती न पडता सर्व बाजूंनी उतरत जाते आणि पातळ असल्याने थोड्याच वेळात भाजून निघते. गरम असतानाच तिची घडी घालतात, कारण थंड झाल्यावर घडी मोडते.

या कृतीचे वैशिष्ट्य असे की ती एकटीने होत नाही. एकीने उंडे भरावे, दुसरीने जाळ सांभाळावा, तिसरीने पोळी हातावर वाढवावी आणि कोणी घड्या घालाव्यात, अशी कामाची वाटणी असते. गावातील ज्या स्त्रीचा हात यात बसलेला असतो, तिला लग्नकार्यात व सणासुदीला मानाने बोलावणे येते.

तीन मांडे, एक नाव

मांडा म्हणजे पुरणाची पोळी, असे वरील वर्णनावरून ठरवले तर ते बेळगावच्या मांड्यांना लागू पडत नाही. बेळगावकडचे मांडे पुरणाचे नसतात. पिठीसाखर, तूप, खवा यांचे सारण, अत्यंत पातळ पारी आणि घडी घातल्यावर येणारा कुरकुरीतपणा ही त्यांची ओळख आहे. लग्नात ते आवर्जून दिले जातात व कित्येक दिवस टिकतात. खानदेशी मांडा मऊ असतो व ताजाच खातात. बेळगावी मांडा कडक असतो व डब्यात भरून गावोगावी जातो.

मांडा म्हणजे कोणतेही सारण भरलेले गोड पक्वान्न, अशी व्याख्या रुंद केली तरी ती बुऱ्हाणपूरपाशी अडते. तापीकाठचे हे शहर आज मध्य प्रदेशात असले तरी मोगलकाळात ते खानदेश सुभ्याचे मुख्य ठिकाण होते. तेथे ‘मांडा’ म्हणजे हातावर झेलत वाढवलेली व उपड्या लोखंडी पात्रावर भाजलेली मोठी, पातळ, साधी रोटी. तिच्यात सारण नसते, गोडवाही नसतो. ती रस्सेदार सामिष पदार्थांबरोबर खातात.

पुरणाचा मऊ मांडा, साखरेचा कडक मांडा आणि बिनसारणाचा मांडा या तिन्हींची चव वेगळी, प्रसंग वेगळे, खाणारे समाजही वेगळे. समान आहे ती रीत : चिवट तिंबलेली गव्हाची कणीक, हाताने ताणून आणलेला विस्तार व पातळपणा, आणि उपड्या पात्राच्या फुगीर पृष्ठभागावर भाजणे. यावरून असे म्हणता येते की ‘मांडा’ हे मुळात सारणाचे किंवा चवीचे नाव नसून करण्याच्या रीतीचे नाव आहे.

या अनुमानाला जुना आधारही मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात (इ. स. ११२९ च्या सुमारास) राजाच्या भोजनाचे विस्तृत वर्णन आहे. त्यात मंडकाची कृती येते. गहू धुऊन उन्हात वाळवणे, दळून पीठ चाळणे, तूप व मीठ घालून कणीक मळणे, गोळे हाताने वाढवणे आणि तापलेल्या खापरावर भाजणे असा तिचा क्रम आहे. ग्रंथातील ‘खर्पर’ हा शब्द मराठीत ‘खापर’ झाला. सुमारे नऊ शतकांपूर्वीच्या त्या वर्णनात आणि कसमाद्यातील आजच्या चुलीपुढच्या कामात कणीक, हात व खापर ही तिन्ही अंगे जुळतात. सारणे बदलत गेली. रीत व तिचे नाव टिकले.

आख्यायिकेतील खापर

हीच रीत ध्यानात घेतली म्हणजे ज्ञानेश्वरादी भावंडांच्या प्रसिद्ध कथेचा एक तपशील उलगडतो. परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी : आळंदीत मुक्ताबाईंना मांडे करावयाचे होते. त्यासाठी लागणारे खापर आणावयास त्या कुंभाराकडे निघाल्या. या भावंडांचा द्वेष करणाऱ्या विसोबांनी कुंभारांना खापर न देण्याविषयी बजावले. मुक्ताबाई रिकाम्या हाताने परतल्या. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबलाने जठराग्नी प्रज्वलित केला आणि त्यांच्या तापलेल्या पाठीवर मुक्ताबाईंनी मांडे भाजले. ते पाहून विसोबांचा अहंकार गळाला. हेच विसोबा खेचर पुढे नामदेवांचे गुरू म्हणून ओळखले गेले.

कथेची ऐतिहासिकता हा येथे विषय नाही. भाषेच्या दृष्टीने लक्षणीय आहे तो तिच्यातील व्यवहार. विसोबांनी गहू, गूळ किंवा सरपण अडवले नाही, खापर अडवले. मांड्यांचा बेत मोडावयाचा तर खापर अडवणे पुरेसे आहे, हे कथा सांगणाऱ्यास व ऐकणाऱ्यास ठाऊक होते. त्याचप्रमाणे वाकलेल्या माणसाची पाठ उपड्या खापरासारखीच फुगीर असते. ज्यांनी मांडे भाजताना पाहिले होते, त्या श्रोत्यांना पाठीचे व खापराचे हे साम्य निराळे सांगावे लागले नसणार. मांडे केवळ म्हणीतून ऐकलेल्या आजच्या श्रोत्याला मात्र पाठच का, असा प्रश्न पडतो. पदार्थ विसरला की कथेतील प्रतिमाही अंधुक होते.

या भावंडांपैकी निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी असून पौष महिन्यात तेथे मोठी यात्रा भरते. मुक्ताबाईंचे समाधिस्थान जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरच्या परिसरात तापीकाठी मानले जाते. तो प्रदेश खापरावरच्या मांड्यांचाच होय.

मनातले मांडे

मांड्यांवरील वाक्प्रचारांकडे आता नव्याने पाहता येते. ‘मनात मांडे खाणे’ म्हणजे अवास्तव सुखाच्या कल्पनेत रमणे. येथे लाडू, खीर किंवा साधी पोळी न येता मांडेच का यावेत? ज्या पदार्थाला वस्त्रगाळ पीठ, गंधासारखे पुरण, मोठे खापर, भरपूर सरपण, चार माणसांचे साहाय्य व सरावलेला हात लागतो, तो पदार्थ इच्छा होताच पानात येत नाही. तो विनासायास मिळण्याची एकच जागा असते आणि ती म्हणजे मन. त्यातच ‘मनात बेत मांडणे’ या प्रयोगाची उच्चारसावली या वाक्प्रचारावर पडली असल्याने तो मराठी कानाला अधिकच गोड वाटतो. कन्नडातही मनातल्या मनात मंडिगे खाणे असा वाक्प्रचार याच अर्थाने वापरतात. दोन शेजारी भाषांनी स्वप्नरंजनासाठी एकच पदार्थ निवडावा, यात त्या पदार्थाची दुर्मीळता दोन्हीकडे सारखी होती, असे दिसते.

‘मनात मांडे, पदरात धोंडे’ ही म्हण याच कल्पनेचा शेवट सांगते. येथे धोंडे म्हणजे दगड. परंतु अधिक महिन्याला महाराष्ट्रात ‘धोंड्याचा महिना’ म्हणतात आणि त्या महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे करून वाढण्याची प्रथा आहे. म्हणजे ‘धोंडा’ हाही एकाच वेळी दगडाचे व गोड पदार्थाचे नाव ठरणारा शब्द आहे.

हिंदीत ‘हलवा-मांडा’ हा जोडशब्द आढळतो. ‘त्याला आपल्या हलव्या-मांड्याशी मतलब’ अशा आशयाच्या हिंदी प्रयोगात तो स्वार्थ व चैन यांचा वाचक आहे. पदार्थ एकच, हिंदीत तो मिळालेल्या सुखाचे चिन्ह झाला, मराठी-कन्नडात न मिळालेल्या सुखाचे.

खापराचीही कथा अशीच आहे. ‘खापर फोडणे’ म्हणजे दोष दुसऱ्यावर ढकलणे, ‘खापरपणजोबा’ म्हणजे पणजोबांच्याही मागील पिढीतील पूर्वज. हे शब्द शहरात सर्रास ऐकू येतात. ज्या पात्रावर मांडे भाजतात ते खापर मात्र शहरी मुलांनी पाहिलेले नसते. पदार्थ व पात्र दोघेही वाक्प्रचारांत जाऊन बसले आहेत.

आजची स्थिती

मांडे पूर्णपणे नाहीसे झालेले नाहीत. नाशिक, जळगाव, पुणे अशा शहरांतील खाद्यमहोत्सवांत व प्रदर्शनांत खानदेशी स्त्रिया लोकांसमोर मांडे करतात आणि ते पाहण्यासाठी गर्दी होते. तरीही घराघरांतून ते कमी होण्याची कारणे स्पष्ट आहेत. गॅसच्या शेगडीची ज्योत मध्यभागी केंद्रित असल्याने मोठे खापर सारखे तापत नाही. सदनिकेच्या स्वयंपाकघरात चुलीला जागा नाही. खापर घडवण्यासाठी कुंभाराला निश्चित मागणी लागते. ती घटली की तो ते घडवणे थांबवतो. मातीच्या खापराऐवजी उपडी लोखंडी कढई वापरून काही घरांनी यातून मार्ग काढला आहे. सर्वांत मोठी अडचण हाताची आहे. पोळी हातावर वाढवण्याचे कौशल्य पाककृतीच्या पुस्तकातून येत नाही. ते शेजारी बसून, अनेक पोळ्या फाडून शिकावे लागते.

या कौशल्याबरोबर एक शब्दसंपत्तीही जात आहे. कणीक कोणत्या अवस्थेला आली, खापर किती तापले, पोळी हातावर कशी फिरली, हे सांगणारे अहिराणीतील शब्द त्या कामाच्या वेळीच उच्चारले जातात. काम थांबले की ते शब्द उच्चारण्याचे निमित्तच उरत नाही. डॉ. रमेश सूर्यवंशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी अहिराणीच्या कोशरचनेचे काम केले आहे. त्याला जोड म्हणून चुलीपुढची भाषा प्रत्यक्ष काम चालू असताना टिपून घेणे आवश्यक आहे. कसमादे भागातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना हे काम सहज हाती घेता येईल. ज्यांच्या आजीच्या हाताला मांड्यांची सवय आहे, असे विद्यार्थी त्यांच्या वर्गांतच बसलेले असतात.

समारोप

‘मांडा’ या शब्दाच्या विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, मांडणे, मांडव, मांड, मांडलिक व मांडा हे शब्द कानाला एका कुळातील वाटले तरी त्यांचे अर्थप्रवाह वेगळे आहेत. दुसरी, ‘मांडा’ची ‘एक गोड पक्वान्न’ ही व्याख्या अपुरी आहे. खानदेश, बेळगाव व बुऱ्हाणपूर येथील तिन्ही मांड्यांना सामावून घ्यावयाचे तर कोशातील व्याख्येत कणीक हाताने ताणण्याची व उपड्या पात्रावर भाजण्याची रीत आली पाहिजे. तिसरी, ती रीत ठाऊक असल्याखेरीज मुक्ताबाईंच्या कथेतील खापर आणि वाक्प्रचारातील मांडे यांचा पूर्ण अर्थ लागत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. भाषेच्या प्राचीनतेचे पुरावे म्हणून शिलालेख व ग्रंथ पुढे ठेवले जातात आणि ते योग्यच आहे. मानसोल्लासातील मंडक ज्यांच्या हातून आजही आखाजीला खापरावर उतरतो, त्या स्त्रियांचे काम व त्यांचे शब्द हाही तसाच एक पुरावा आहे. ग्रंथ कपाटात सुरक्षित राहतो. हा पुरावा मात्र ज्यांच्याजवळ आहे, त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावा लागेल.